सांबर मारावें कीं चितळ?

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा अमेरिकेंत मिनेसोटा राज्यांत नोकरीस असतो. त्याचें पत्र आलें म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनीं ओटीवर जमावयाचें व एकानें तें मोठ्यानें वाचावयाचें, अशी आमच्या घरची रीत आहे. आतां पत्र फोनच्या पडद्यावर येतें एवढेंच. रीत आम्हीं मोडूं दिलेली नाहीं. पत्रांत बहुधा तीनच विषय असतात: थंडी, कचेरी व मुलांची शाळा. गेल्या आश्विनांत आलेल्या पत्रांत मात्र चौथा विषय निघाला, आणि तो नांवानिशीं मला उद्देशून होता.

"काका, कचेरींतले सोबती शिकारीला चल म्हणतात. दोन बेत आहेत. एक, येत्या नोव्हेंबरांत येथेंच शेतांच्या कडेला पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार. दुसरा, पुढल्या वर्षीं कोलोराडोच्या डोंगरांत जाऊन एल्कची. दोन वर्षें कारणें सांगून टाळलें, आतां टाळणें बरें दिसत नाहीं. लहानपणीं मृगयेवरचे श्लोक तुम्हींच पाठ करून घेतलेत. तेव्हां तुम्हींच सांगा, कोणती निवडूं?"

वाचणारी आमची सून मध्येंच थांबली. वहिनींच्या हातांतली जपमाळही थांबली. "भाऊजी, त्याला आजच्या आज नको म्हणून कळवा," एवढें बोलून त्या आंत गेल्या. मींही त्याच रात्रीं "दोन्ही नकोत" असे दोन शब्द कळविले व विषय संपला असें मानलें. सारा जन्म मास्तरकींत घालविलेल्या माणसास आपलें उत्तर पुरेसें वाटावयास फार वेळ लागत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाबरोबर आमच्या कुटुंबाकडून विचारणा झाली. "अहो, तो 'कोणती' म्हणून विचारतो आणि तुम्ही 'नको' म्हणून सांगतां. वर्गांत एखाद्या मुलानें असें उत्तर लिहिलें असतें तर त्याला गुण दिले असतेत का? आणि चांद्याची ती गोष्ट त्याला कधीं सांगितलीत का?" दोन्ही प्रश्न मला लागले. मग पुतण्यास जें सविस्तर लिहिलें, तेंच जरा नीट मांडून येथें देत आहें. परदेशीं मूल नाहीं असें घर आपल्या वाचकांत आतां विरळाच असेल.

प्रथम या जनावरांची ओळख करून घेऊं. 'एल्क' हें नांव मोठ्या घोटाळ्याचें आहे. युरोपांत तें ज्या जनावरास लावतात त्यास अमेरिकेंत 'मूस' म्हणतात. अमेरिकेचा एल्क म्हणजे 'वापिटी'. आणि सिलोनांतल्या इंग्रजांनीं हेंच नांव आपल्या सांबरास दिलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नुवारा एलिया येथें राहिलेल्या सॅम्युअल बेकरनें आपल्या शिकारींवर पुस्तक लिहिलें आहे. त्यांतला एल्क म्हणजे सांबरच होय. पांढऱ्या शेपटीचें हरीण आकारानें आपल्या चितळाच्या जवळचें. तेव्हां पुतण्यापुढचा प्रश्न तसा नवा नाहीं. परवाना घेऊन रानांत शिरणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या शिकाऱ्यासही तो पडत असे: सांबर कीं चितळ?

अमरकोशाच्या सिंहादिवर्गांत शंबर व पृषत हीं दोन्ही नांवें मृगांच्या एकाच श्लोकांत येतात. पृषत म्हणजे ठिपक्यांचा. चितळ हा शब्दही 'चित्रल' यावरून आलेला. पाठ करणाऱ्यास दोघे शेजारी भेटतात, पण रानांत त्यांची राहणी अगदीं भिन्न आहे. चितळें कळपानें राहतात. रानाची कड, गवताळ मोकळी जागा, वानरांनीं खालीं टाकलेला पाला, अशा ठिकाणीं तीं सकाळसंध्याकाळ उजेडांत चरतात. कळपांत डोळे पुष्कळ, म्हणून एकानें शीळ घातली कीं सारीं उधळतात. नरांच्या शिंगांचा हंगामही एक नसतो. एकाच कळपांत एकाचीं शिंगें पक्कीं झालेलीं, तर दुसऱ्याचीं मखमली कातड्यांत असतात. सांबर याच्या उलट. तें एकटेंदुकटें, डोंगराच्या दाट रानांत राहणारें व बहुधा रात्रीं फिरणारें. थंडींत त्याचा माजाचा काळ येतो आणि पुढें उन्हाळ्यांत तें शिंगें टाकतें. चितळाचा नर भरला म्हणजे ७० ते ९० किलो. सांबराचा नर २५० किलोंपर्यंत, कधीं त्याहूनही जड. अमेरिकेंतल्या जोडींतही असाच फरक आहे. तेथील वापिटीचा नर ३०० किलोंच्या वर जातो, आणि पांढऱ्या शेपटीचा त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो.

या फरकावरच शिकाऱ्याचा हिशेब अवलंबून असतो. लहान हरीण मनुष्यवस्तीच्या जवळ मिळतें, झाडावरच्या मचाणावर बसून मिळतें, आणि दोघांनीं ओढून गाडीपर्यंत आणतां येतें. मोठ्यासाठीं उंच डोंगरांत दिवसचे दिवस चालावें लागतें. बार चांगला बसला तरी तें पुष्कळदां जागीं पडत नाहीं. आणि पडल्यावर त्याचें मांस तुकडे करून, अनेक खेपा घालून, पाठीवर वाहून आणावें लागतें. म्हणजे नेम धरण्यापूर्वीं शिकाऱ्यानें आपली दृष्टि, आपली पाठ व उरलेला उजेड, तिन्ही जोखावयास हवीं. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र यांतलें कांहीं भरत नाहीं. भरतात तीं शिंगें. येथेंच मला चांद्याची गोष्ट सांगणें प्राप्त आहे.

१९७० सालच्या दिवाळींत मी दहा वर्षांचा होतों. माझे मामा चंद्रपूर जिल्ह्यांत जंगलखात्यांत कारकून होते. घरांत त्या जिल्ह्यास अजून चांदाच म्हणत. ताडोब्याचें राष्ट्रीय उद्यान १९५५ सालीं झालें होतें, पण बाहेरच्या रानांत परवान्यानें शिकार चाले. मुंबईकडचा एक पाहुणा परवाना घेऊन आला होता व त्याचा शेवटचा दिवस उरला होता. मीं हट्ट केला म्हणून मामांनीं मलाही मचाणावर घेतलें. तोंडांतून शब्द काढावयाचा नाहीं, ही अट होती.

दिवस कलतां कलतां नाल्याच्या अलीकडे चितळांचा कळप आला. त्यांतला एक पक्क्या शिंगांचा नर पन्नासेक पावलांवर आडवा उभा राहिला. पाहुण्यानें बंदूक खांद्यास लावली. इतक्यांत पलीकडच्या बांबूंतून एक सांबर बाहेर आलें. एवढें मोठें जनावर मीं तोंवर पाहिलें नव्हतें. नळी चितळावरून सांबराकडे गेली, पुन्हां चितळाकडे आली. आणि अट विसरून मी कुजबुजलों, "मोठें! तें मोठें!"

बार झाला. सांबर गुडघ्यांवर आलें, उठलें आणि बांबूंत नाहींसें झालें. अंधारांत मागें जाऊं नये, असें गोंड मागकाढ्यांनीं सांगितलें. दुसऱ्या दिवशीं उजाडल्यापासून ते रक्ताचा माग काढीत निघाले. नको म्हटलें असतां मीही गेलों. तिसऱ्या प्रहरीं एका ओढ्याच्या डोहांत तें सांपडलें. तें पोटापर्यंत पाण्यांत उभें होतें व आमच्याकडे पाहत होतें. दुसरी गोळी घालावी लागली. पहिली पोटांत लागल्यामुळें बरेंच मांस बिघडलें होतें. शिंगें तेवढीं पाहुण्यानें नेलीं. मला कोणीं बोल लाविला नाहीं. घरीं परततांना मामा एवढेंच म्हणाले, "अरे, त्याला चितळ नीट दिसत होतें. सांबर दिसत नव्हतें, नुसतें मोठें होतें."

पुढें शिक्षक झाल्यावर दशरथाची कथा मीं अनेकदां शिकविली. अंधारांत नुसत्या आवाजावर बाण सोडणारा तो राजा आला कीं मी तो भाग घाईनें संपवीत असें. चांद्याची गोष्ट मीं कोणत्याही वर्गास सांगितली नाहीं, आणि पुतण्यासही नाहीं.

श्लोकांचा आधार त्यानें मागितला, तर आपल्या ग्रंथांत दोन्ही बाजू आहेत. मनूनें मृगयेची गणना राजाच्या व्यसनांत केली आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत सेनापति तिची भरघोस स्तुति करतो: अंग हलकें होतें, जनावरांचें मन कळतें, हलत्या लक्ष्यावर नेम बसतो. ही स्तुति खोटी नाहीं. पांडूस मिळालेला शाप मृगयेंतलाच, आणि रामास आश्रमापासून दूर नेणाराही मृगच. परंतु आम्हां वसईकरांस याहून जवळचा आधार आहे. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस आपल्या सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सांपडला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहे. आठव्या लेखाचा विषयच हा आहे. पूर्वींचे राजे विहारयात्रांस निघत व त्यांत मृगया चाले. अशोकानें राज्याभिषेकास दहा वर्षें झाल्यावर त्यांऐवजीं धर्मयात्रा सुरू केल्या. घराबाहेर पडणें त्यानें सोडलें नाहीं, निघण्याचा हेतु बदलला. आणि तोच राजा आपल्या पहिल्या लेखांत मोकळेपणानें लिहितो कीं, आपल्या पाकशाळेंत अजून दोन मोर व एक हरीण मारलें जातें, हरीण तेंही नित्य नाहीं, आणि पुढें हेंही बंद होईल. आपण जेथवर आलों तेथवरचेंच सांगण्याचा हा खरेपणा माझ्या दोन शब्दांच्या उत्तरांत नव्हता.

आपल्या देशांत हा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मिटविला आहे; सांबर व चितळ दोघांचीही शिकार गुन्हा आहे. आमच्या पूर्वेचा तुंगारेश्वरचा डोंगर २००३ सालीं अभयारण्य झाला. जगाच्या हिशेबांत चितळास आज विशेष भय नाहीं. सांबर मात्र संकटग्रस्तांच्या यादींत गेलें आहे. अमेरिकेची स्थिति निराळी. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें पांढऱ्या शेपटीचीं हरणें कांहीं लाखच उरलीं होतीं. बंधनें घातल्यावर तीं कोट्यवधि झालीं. बंदुका व काडतुसें यांवरच्या कराचा पैसा १९३७ च्या कायद्यानें वन्यप्राण्यांच्या रक्षणास जातो. शेतीच्या मुलखांत लांडगे उरले नाहींत, म्हणून हरणें पिकांत शिरतात व मोटारींवर आदळतात. तेव्हां तेथला शिकारी क्रूरच असतो असें येथें ओटीवर बसून ठरविण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

हें सर्व लिहून झाल्यावर पुतण्यास शेवटीं कळविलें तें असें:

"चिरंजीवास अनेक आशीर्वाद. माझें पहिलें उत्तर रद्द समज. 'कोणती' म्हणून विचारलेंस, तर लहान. जें स्पष्ट दिसतें, जवळ आहे, आणि जें उचलून आणतां येतें, तें. मोठ्याच्या मागें जाण्यापूर्वीं तो डोंगर एक वर्ष नुसता चालून ये. आपल्या घरीं मांस शिजत नाहीं. तुझ्या घरचें मी विचारीत नाहीं. पण जें कोणाच्या पोटांत जाणार नाहीं तें मारूं नकोस. तिकडे हरणांत मेंदूचा एक असाध्य रोग पसरला आहे, म्हणून खाणाऱ्यांनीं मांस तपासून घ्यावें. आणि केवळ नाहीं म्हणणें बरें दिसत नाहीं म्हणून जात असशील, तर बंदूक न घेतां जा. मृग या धातूचा अर्थ शोधणें असा आहे, हें तुला शिकविलेलें आहे. मचाणावर बस, पाहा, आणि ओझें ओढावयास हात लाव. चांद्याला माझ्याकडून काय झालें तें वर लिहिलेंच आहे. निवड तुझी."

उत्तर मार्गशीर्षांत आलें. तो गेला होता, केशरी डगला घालून, बंदुकीवांचून. दुपारपर्यंत एक मादी व पाडस येऊन गेलें. सोबत्यानें तीं जाऊं दिलीं. संध्याकाळीं एक नर आला व तो एकाच गोळींत पडला. पुतण्यानें त्याचे पाय धरले होते. "काका, अंग अजून गरम होतें," एवढेंच त्यानें त्याविषयीं लिहिलें आहे. सोबत्याच्या घरच्यांनीं तें मांस हिवाळ्यासाठीं ठेविलें. पुढल्या वर्षीं कोलोराडोस जावें कीं नाहीं, तें त्यानें अद्याप ठरविलेलें नाहीं. मींही पुन्हां विचारलेलें नाहीं.

या खेपेस वहिनी पत्र संपेपर्यंत ओटीवर बसून होत्या. वाचन झाल्यावर त्यांनीं सुनेस विचारलें, "तिकडे त्या दिवशीं थंडी किती होती म्हणतो?"

"उणे आठ."

"मग तो डगला जाड असेल," असें म्हणून त्यांनीं माळ हातांत घेतली.