गारव्याची राखण

होळी पेटून गेली आणि चैत्राचे ऊन चढू लागले की ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत एक नेहमीची धांदल सुरू होते. विजेची उपकरणे दुरुस्त करणाऱ्यांच्या दारी गर्दी लोटते. कोणाचा पंखा मंद फिरतो, कोणाच्या वातानुकूलन यंत्रातून पाणी गळते, तर कोणाचे यंत्र नुसतेच घरघरते. वर्षभर ज्या यंत्राकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, ते आजच्या आज दुरुस्त व्हावे, असा प्रत्येकाचा आग्रह असतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होय. घरातील गारवा ही केवळ पैसे टाकून विकत आणावयाची वस्तू आहे, अशी समजूत या धांदलीच्या मुळाशी आहे. वास्तविक गारवा ही राखावयाची वस्तू आहे. जो तो राखतो, त्याला तो थोड्या खर्चात लाभतो. जो राखत नाही, त्याला तो विकत घेऊनही पुरत नाही.

या शहरांतील उकाड्याचा स्वभाव प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. जवळच समुद्र, भोवती खाड्या आणि उल्हास नदीचे पाणी. त्यामुळे येथील हवा दमट असते. घाम वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो, हा निसर्गाचा नियम आहे. परंतु हवेतच ओलावा भरलेला असेल, तर घाम वाळावा कसा? म्हणूनच विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात घरोघरी सुखावणारा पाण्याचा कूलर ठाण्याच्या खाडीकाठी फारसा उपयोगी पडत नाही. नागपुरास जे औषध लागू पडते, ते कल्याणास लागू पडेलच असे नाही. यंत्र घेण्यापूर्वी आपली हवा ओळखावी, हा पहिला धडा.

कोकणातील जुन्या माणसांनी ही हवा ओळखली होती. त्यांच्या घरांवर उतरत्या कौलांची छपरे असत. कौलांच्या फटींतून वर चढलेली तप्त हवा बाहेर निघून जाई. छपराची धग माळ्यावर अडे, पुढच्या पडवीमुळे भिंतींवर ऊन पडत नसे आणि समोरासमोरच्या दारांतून वारा वाहत राही. या घरांतही उणिवा होत्याच. दर पावसाळ्यापूर्वी कौले शाकारावी लागत आणि तरीही कोठे तरी पाणी ठिबके. तथापि दरवर्षी घराची निगा राखलीच पाहिजे, ही शिस्त त्या शाकारणीने माणसांच्या अंगी बाणवली होती. आज सिमेंटच्या गच्च्या आल्या. त्या गळत नाहीत तोवर त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. मात्र दिवसभर पिऊन ठेवलेले ऊन त्या रात्री खालच्या खोल्यांत ओतत राहतात.

तेव्हा गारव्याची राखण छपरापासूनच सुरू झाली पाहिजे. गच्चीला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग दिला, तर सूर्याची बरीचशी उष्णता आल्या वाटेने परत जाते. हा उपाय इमारतीत राहणाऱ्याला सुखाचा आहे. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला तो जीवनाधार आहे. दुपारी पत्रा तापला म्हणजे खालची खोली भट्टीसारखी होते. अशा खोलीत तान्हे मूल, आजारी माणूस किंवा वृद्ध आजी दिवस कसा काढत असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेने मोठी प्राणहानी झाली. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा आखला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. तेलंगण राज्याने तर २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. जे तेथे घडू शकते, ते येथील वस्त्यांतही का घडू नये?

छपरानंतर पंखा. पंखा हवा थंड करीत नाही. तो अंगावरचा घाम वाळवून माणसाला थंड करतो. म्हणून रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कोणालाच गारवा देत नाही, केवळ वीज खातो. पात्यांवर धुळीचा थर बसला की वारा कमी होतो. पंखा एकाएकी मंदावला, तर पुष्कळदा त्यातील कपॅसिटर हा लहानसा भाग निकामी झालेला असतो. वायरमनने तो थोड्या पैशांत बदलला की जुना पंखा पुन्हा जोमाने फिरू लागतो. दुरुस्तीने भागत नसेल, तेव्हा नवा घेणे शहाणपणाचे. जुन्या धर्तीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर नव्या बीएलडीसी पंख्याचे काम सुमारे ३० वॅटमध्ये भागते. दिवसाचे १० तास धरले, तर जुन्याला ०.७५ युनिट लागते आणि नव्याला ०.३० युनिट. उन्हाळ्याच्या १०० दिवसांत एका पंख्यामागे ४५ युनिटे वाचली. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील पंखे मोजून हा हिशेब स्वतःच पुरा करावा.

आता वातानुकूलन यंत्राकडे वळू. त्याचा जन्म माणसांच्या सुखासाठी झाला नाही, हे ऐकून नवल वाटेल. १९०२ मध्ये अमेरिकेतील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंग नेमक्या जागी बसत नसत. ती अडचण दूर करण्यासाठी विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतील ओलावा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. आजचे यंत्रही खोलीतील उष्णता आणि ओलावा उचलते. तो ओलावा पाणी होऊन नळीतून ओघळतो आणि उष्णता बाहेरच्या पेटीतून रस्त्यावर टाकली जाते. आतील जाळीवर धूळ साचली, तर हवा अडते, यंत्राला अधिक श्रम पडतात आणि विजेचे बिल वाढते. दर पंधरवड्यास ही जाळी काढून धुणे अवघड नाही. यंत्र बंद करून, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली मुलांनीही हे काम करावे. मात्र विजेच्या तारांना व बाहेरच्या पेटीला हात लावण्याचे काम जाणकाराचेच. यंत्रातील वायू तेलासारखा जळून संपत नाही. तो कमी झाला, तर कोठे तरी गळती आहे असे समजावे. गळती न बुजवता दरवर्षी वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

नवे यंत्र घ्यावयाचेच असेल, तर केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २००६ पासून सुरू केलेली ताऱ्यांची चिठ्ठी वाचूनच घ्यावे. तारे जितके अधिक, तितकी विजेची गरज कमी. तारांकित यंत्र सुरू होताच ते २४ अंशांवर लागावे, असा नियम १ जानेवारी २०२० पासून आहे. हा आकडा १८ वर नेऊन अंगावर गोधडी ओढण्यात कसला आला शहाणपणा? तापमान एका अंशाने वाढवून ठेवले, तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे हा ब्युरो सांगतो.

यावर कोणी म्हणेल, “ज्याच्याजवळ पैसा आहे, त्याने हवा तितका गारवा घ्यावा, त्यात दुसऱ्याचे काय जाते?” दुसऱ्याचे पुष्कळ जाते. यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. ते ती आपल्या घरातून उचलून बाहेर टाकते आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता तीत मिसळते. दाटीवाटीच्या गल्लीत एकाच्या खिडकीबाहेरचा तप्त झोत समोरच्या बिऱ्हाडात शिरतो. समोरच्याजवळ यंत्र नसेल, तर आपल्या गारव्याची किंमत तो भोगतो. यावरून यंत्रे टाकून द्यावीत, असे मुळीच नव्हे. आजारी माणसाला आणि वृद्धांना त्यांचा मोठा आधार आहे. परंतु जेवढी गरज तेवढाच गारवा घ्यावा, आणि घेतलेले यंत्र स्वच्छ व नीट ठेवावे, ही शेजारधर्माचीच रीत आहे.

घर थंड ठेवण्याचा क्रम असा सरळ आहे: आधी ऊन अडवावे, मग वाऱ्याला वाट द्यावी, जवळ आहे त्याची निगा राखावी आणि सर्वांत शेवटी नवे विकत घ्यावे. हा क्रम उलटा केला, तर घराघरांत यंत्रे वाढतील आणि गल्ली मात्र तापत जाईल. शाकारणीचे दिवस गेले. परंतु ऋतू येण्यापूर्वी घर सज्ज करण्याची ती जुनी सवय जाता कामा नये. माघाच्या थंडीतच जो पंखा पुसतो आणि शेजारच्या आजीच्या पत्र्यावर पांढरा रंग देण्यास हात लावतो, त्याच्या घरी आणि त्याच्या गल्लीतही वैशाख थोडा सौम्य होऊन येतो.