अनुस्वार आणि आगाऊपणा

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी वैतागून लिहितं, ‘तिन दिवस पाणि आल नाही, कमिटी झोपली का?’ पहिलं उत्तर येतं ते कमिटीचं नसतं, बी विंगमधल्या एखाद्या काकांचं असतं: ‘पाणी. णी दीर्घ. पाणि म्हणजे हात.’ त्याखाली अंगठे, हसरे चेहरे, मग ‘तीनसुद्धा दीर्घ हं काका’ असं एखाद्या मावशींचं पुरवणी शुद्धिपत्र. टँकर कधी येणार, हे राहूनच जातं. चेअरमनसाहेब खूश.

काकांचं काही चुकलेलं नाही, तरी त्यांचं वागणं मला पटत नाही. मास्तरांनी वही तपासावी, संपादकाने लेख सुधारावा. माणूस त्यांच्याकडे त्यासाठीच जातो. ग्रुपवर लिहिणाऱ्याने कुणाकडे वही दिलेली नसते. त्याच्या मुद्द्याला उत्तर नसलं, किंवा द्यायचं नसलं, की त्याची वेलांटी पकडणं फार सोयीचं पडतं. राजकारणावरच्या वादात तर हे सर्रास चालतं: ‘आधी मराठी नीट लिहायला शिका, मग बोला.’ असं सुनावणारा पुढच्याच ओळीत ‘शुध्दलेखन’ लिहून मोकळा होतो. अहो, द आधी आणि ध नंतर; बुद्धी, सिद्ध, युद्ध, सगळीकडे तेच. दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्या मजकुरात स्वतःची एक चूक हमखास सापडते, या अनुभवाला जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियन संपादकाने १९९२ मध्ये ‘मफ्रीचा नियम’ असं नाव दिलं. मर्फीच्या नियमातलीच अक्षरं, मुद्दाम चुकवलेली.

इंग्रजीतल्या चर्चांमध्ये हीच हाणामारी अपॉस्ट्रॉफीवरून होते. ‘इट इज’ आखडून ‘इट्स’ केलं की एसच्या आधी तो हवा. मालकी दाखवणाऱ्या ‘इट्स’ला तो चालत नाही. आता गंमत बघा. जॉनचं पुस्तक, कंपनीचं ऑफिस, असं लिहिताना मालकीसाठी हेच चिन्ह लावायला शाळेने शिकवलेलं असतं. म्हणजे चुकणारा शिकवलेला नियमच पाळत असतो. सर्वनामांना त्यातून सूट आहे, एवढंच तो विसरतो. आणि ही सूटही काही अनादी काळापासूनची नाही. सतराव्या-अठराव्या शतकात चांगले शिकलेसवरलेले लोक मालकीच्या ‘इट्स’लाही अपॉस्ट्रॉफी देत असत. थॉमस जेफरसनच्या लिखाणात तो सापडतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्याने लिहिला, त्याला ‘आधी इंग्रजी शिका’ म्हणणार का?

इंग्लंडमधल्या बॉस्टन गावच्या जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने २००१ मध्ये अपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी चक्क संस्था काढली. पाटीवर चूक दिसली की दुकानदाराला सौम्य शब्दांत पत्र धाडायचं, ही त्यांची रीत. २०१९ च्या अखेरीस, वयाच्या ९६व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असं सांगून त्यांनी ती संस्था बंद केली. त्यांची हळहळ मला तेवढी पोचत नाही, पण पत्र पाठवण्याची रीत आवडते. चारचौघांत पाणउतारा नाही.

हळहळ पोचत नाही, कारण आपण मराठी माणसांनी याहून मोठी कत्तल पचवली आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम सरकारने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ आले. नांव, गांव, पांच, कां यांच्या डोक्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. कवि आणि बुद्धि यांची शेवटची अक्षरं दीर्घ झाली. भाषा बुडाल्याचं ऐकिवात नाही. आज ऐंशी ओलांडलेले एखादे आजोबा ग्रुपवर अजून ‘नांव’ लिहितात, आणि नातीच्या वयाची कुणी त्यांना ‘आजोबा, अनुस्वार नको’ म्हणून शिकवते. त्याच अनुस्वारासाठी आजोबांनी शाळेत मार्क मिळवलेले असतात! न दिला असता तर कापले गेले असते.

पण सगळीच टिंबं अशी वगळण्याजोगी नाहीत. ‘त्याच्या’ आणि ‘त्यांच्या’ यांत एका टिंबाने माणूस अरेतुरेतून अहोजाहोत जातो. ग्रुपवर शोकसंदेश येतो: ‘नानांचे आज पहाटे निधन झाले. त्याच्या आत्म्यास शांती लाभो.’ घाईत बोट निसटलं असणार, लिहिणाऱ्याच्या मनात काही नाही. तरी नानांच्या मुलीने ते वाचण्याआधी काहीतरी करायला हवं. इथे मी गप्प बसणार नाही, पण ग्रुपवरही बोलणार नाही. ज्याने लिहिलं त्यालाच वेगळा मेसेज: ‘अहो, तेवढं “त्यांच्या” करता का? अजून एडिट होईल.’ व्हॉट्सॲप त्यासाठी पंधरा मिनिटं देतं. तेवढ्यात त्याने बघितलं नाही तर सरळ फोन करावा. मेसेज काढून टाकून पुन्हा टाकता येतो. काढल्याची खूण मागे राहते, पण चूक काय होती ते नंतर बघणाऱ्याला कळत नाही. त्याच संदेशाखाली पन्नास जण ‘भावपूर्ण श्रध्दांजली’ लिहितात. तिथेही द-ध उलटेच. ते निदान तेराव्यापर्यंत तरी तसंच राहू द्यावं. कुणाचा मान त्यात जात नाही, आणि नानाही परत येत नाहीत.

ज्यांना लिहिण्याचे पैसे मिळतात, त्यांना मी ही सवलत देणार नाही. महापालिकेची पाटी, पाठ्यपुस्तक, सरकारी परिपत्रक, वर्तमानपत्राचा मथळा, यांतली वेलांटी खुशाल पकडा, चारचौघांत पकडा, फोटो काढून फिरवा. तिथे दुरुस्तीला माणूस नेमलेला असतो आणि मजकूर छापण्याआधी वाचायला वेळही असतो. या सदरालाही तोच न्याय. काही सापडलं तर ई-मेलचा पत्ता पानाच्या तळाशी आहे.