श्वासनळी कोणाचे ऐकते?

दम्याच्या माणसाला सहरीला उठवायला जावे, तर तो बऱ्याचदा आधीच उठून बसलेला असतो. छातीत घरघर, खांदे वर ओढलेले. घरातले म्हणतात, रात्री दही खाल्लेस ना! दह्याला आपण फार बदनाम करतो.

श्वासनळीच्या भिंतीत मृदू स्नायूंचे वेढे असतात. हाताचे स्नायू आपल्या हुकमात आहेत, हे नाहीत. मेंदूकडून आलेल्या व्हेगस चेतेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन हे रसायन झरले, की वेढे आवळतात. चेतेचा निरोप अवयवाला रसायनातून मिळतो, हे ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या हृदयांवर दाखवले आणि १९३६ चे नोबेल हेन्री डेल यांच्यासोबत मिळवले. रात्री व्हेगसचा जोर वाढतो. पहाटेच्या त्रासाचे हे एक कारण.

वेढे सैल व्हायला मोठी मदत होते ती मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून रक्तात येणाऱ्या ॲड्रेनॅलिनची. हेच ॲड्रेनॅलिन त्वचेच्या रक्तवाहिन्या मात्र आवळते. म्हणून घाबरलेल्या माणसाचा चेहरा पांढरा पडतो, पण श्वास मोकळा होतो. निरोप एकच, तो झेलणारे ग्राही जागोजागी वेगळे.

निळ्या पंपातले साल्ब्युटामॉल श्वासनळीतल्या त्याच ग्राहींवर बसते. काही मिनिटांत नळी सैल होते, असर चार ते सहा तास राहतो. ‘पंपाची सवय लागते’ हे खरे नाही. तो वरचेवर लागत असेल, तर नळीची सूज आटोक्यात नाही. तिचे औषध वेगळे असते आणि ते रोज घ्यावे लागते. पंपाने रोजा तुटतो का, यावर उलेमांत मतभेद आहेत. आपल्या आलिमसाहेबांना रमजानपूर्वीच विचारून ठेवा. आजारी माणसाला रोजा नंतर कजा करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. दम लागलेला असताना मगरिबची वाट पाहत बसू नये.

आता घरातल्या औषधांच्या डब्याकडे वळू. छातीची धडधड, हाताचा कंप, रक्तदाब यांसाठी दिली जाणारी प्रोप्रानोलॉलची गोळी हेच ग्राही अडवते. खालाजानला गुण आला म्हणून ती दम्याच्या भाच्याला दिली, तर नळी आवळू शकते आणि पंपाचाही असर कमी होतो. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात उतरतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याचे सांगायचे आपल्याला सुचत नाही, आणि दरवेळी ते विचारतीलच असेही नाही.