मांजर खाली का येत नाही?

स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या भाषेत गेम करायला बसलेली मुलं सगळ्यात आधी त्यातल्या मांजराला उडी मारायला लावतात. वरच्या बाणाची कळ दाबली की मांजर वर सरकतं आणि तिथंच लटकतं. "ताई, हे खाली का येत नाही?" खाली यायला कुणी सांगितलेलंच नसतं. वस्तू आपोआप पडते, हे मुलांना जन्मापासून ठाऊक. संगणकाला मात्र तेही शिकवावं लागतं, हे कळलं की त्यांचे डोळे चमकतात.

मग 'वेग' नावाचं एक व्हेरिएबल, म्हणजे बदलती संख्या, करायचं. उडी मारताना वेग १२. सूचनांच्या प्रत्येक फेरीला मांजर वेगाइतकं वर सरकवायचं आणि वेग एकने कमी करायचा. १२, ११, १०… शून्य आलं की मांजर क्षणभर थबकतं. पुढे उणे एक, उणे दोन, आणि ते खाली यायला लागतं. आधी हळू, मग जोरात. "म्हणजे उणे म्हणजे खाली!" सहावीतली एक मुलगी ओरडली. ऋण संख्यांची गणितं तिने वहीत भरपूर सोडवली होती, पण त्या तिला हव्याशा वाटल्या त्या इथे.

लगेच नवी भानगड. हवेत असतानाच पुन्हा कळ दाबली, की मांजर आणखी वर जातं. पाय जमिनीला टेकले असतील तरच उडी, ही अट घालायला हवी. एका मुलाने ती घातलीच नाही. त्याने मांजराला पंख काढले आणि उडण्याचाच गेम केला. मला तो फार आवडला.

असं चुकतमाकत शिकण्याची कल्पना जुनी आहे. लहान मुलांसाठीची लोगो ही प्रोग्रॅमिंग भाषा १९६७ साली तयार झाली. ती घडवणाऱ्यांपैकी सेमूर पॅपर्ट हे गणितज्ञ; ते मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांच्यासोबत काम करून आलेले. प्रोग्रॅम चुकला तर शेरा मारून मोकळं व्हायचं नसतं, चूक शोधून दुरुस्त करायची असते, आणि मूल शिकतं ते त्या शोधात, असं ते आग्रहाने मांडत. एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटाने २००७ मध्ये स्क्रॅच आणलं, ते याच विचारातून. ते फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. स्क्रॅचच्या संकेतस्थळावर इतरांनी टाकलेला गेम आतून उघडून बघता येतो, बदलताही येतो.

शिकणं चूक शोधण्यात असतं, म्हणूनच 'महिन्याभरात तुमचं मूल अॅप बनवेल' अशा जाहिराती मला खटकतात. त्या वर्गांत बहुतेकदा शिकवणारा सांगतो, मूल तसेच ठोकळे जोडतं, गेम चालतो, प्रमाणपत्र मिळतं. मांजर लटकलेलंच नाही, तर प्रश्न पडणार कुठून? बाण जोडून पात्राला चक्रव्यूहातून बाहेर काढायची कोडी सुरुवातीला ठीक आहेत, पण त्यांचं उत्तर दुसऱ्याने ठरवलेलं असतं. आईवडिलांनाही सांगणं आहे: गेम अडला की माउस हातात घेऊ नका. 'तुला काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं?' एवढंच विचारा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उच्च प्राथमिक वर्गांसाठी कोडिंगचा उल्लेख आहे. त्यासाठी शाळांनी एक सोपी गोष्ट करावी. संगणकाच्या दोन तासिका सलग ठेवाव्यात. एका तासिकेत संगणक सुरू होऊन मांजर लटकेपर्यंत घंटा होते, आणि ते खाली कसं आणायचं हे पुढच्या आठवड्यावर जातं.