वजनकाट्याबाहेरची दहा वर्षे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये पाच वर्षांखालील २.१ टक्के बालके अतिवजनी होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ३.४ टक्क्यांवर गेले. ज्या देशात त्याच पाहणीत ३५.५ टक्के बालके खुरटलेली आढळली, तेथे हा आकडा क्षुल्लक वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय गुटगुटीत नातवाचे कौतुक कोणत्या घरात नसते! परंतु ही पाहणी पाच वर्षांपुढील मुलांना वजनकाट्यावर घेत नाही. घेते ती थेट पंधराव्या वर्षी. डब्यातील पोळीभाजीची जागा वेफर्स आणि मैदानाची जागा शिकवणी घेते, ती नेमकी याच मधल्या काळात. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने ही मुले मोजली होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून सरकारी शाळांत तपासणी करीत आली आहेत. त्यांच्या नोंदी जिल्हावार, प्रतिवर्षी प्रसिद्ध करण्यास अडचण कोणती?