एका घरांतील दोन गोळ्या

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजीं निर्घृण हत्या झाली आणि साऱ्या महाराष्ट्राचे डोळे बीड जिल्ह्याकडे वळले. त्या हत्येंत बंदूक नव्हती. तथापि तिच्या पाठोपाठ जी ओरड झाली तींत जिल्ह्यांतील शस्त्रपरवान्यांचा आकडा बाहेर पडला. त्या वेळीं प्रसिद्ध झाल्याप्रमाणें तो १,२०० च्या वर होता, आणि शेजारच्या परभणींत अवघा ३२! हवेंत बार उडवून मिशीला पीळ देणाऱ्या वीरांचीं चित्रेंही लोकांनीं मोबाइलवर पाहिलीं. पुढें २०२५ मध्यें प्रशासनानें शंभरांहून अधिक परवाने रद्द केले, हें योग्यच झालें. परंतु गुंडांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. आज आम्हांस लिहावयाचें आहे तें गुंडाविषयीं नव्हे, सभ्य गृहस्थाविषयीं. ज्यानें रीतसर अर्ज करून परवाना मिळविला, कोणावर कधीं हात उगारला नाहीं, आणि जो रात्रीं झोपत नाहीं.

मोंढ्यांतील एखादा आडत्या डोळ्यांपुढें आणा. कापसाच्या व सोयाबीनच्या हंगामांत घरीं रोकड असते. उधारी अडकलेली असते. कोणीतरी खंडणीचा निरोप पाठविलेला असतो, किंवा पाठवील अशी धास्ती असते. म्हणून पिस्तुल घेतलें. तें तिजोरींत ठेवून काय उपयोग, म्हणून तें उशाखालीं आलें. आणि रिकामें ठेवून काय उपयोग, म्हणून भरलेलें आलें. ज्या भीतीनें पिस्तुल घेतलें त्याच भीतीनें झोप उडाली. मग ओळखीच्या औषधवाल्याकडून गोळी आली. आधीं अर्धी, मग एक, मग दोन; आणि कांहीं रात्रीं तिच्यावर दोन घोट दारू. आतां त्या उशाजवळ दोन प्रकारच्या गोळ्या आहेत. आमच्या भाषेनें दोहोंस एकच नांव दिलें आहे. आमच्या कायद्यानें मात्र त्यांची कधीं गांठ घातलेली नाहीं.

कायदा काय म्हणतो तें पाहा. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें परवाना मागणारास वैद्याचा दाखला द्यावा लागतो. शरीर व मन धड आहे, मादक द्रव्याची संवय नाहीं, असें त्यांत लिहिलेलें असतें. शस्त्र सुरक्षित ठेवीन असें तो लिहूनही देतो. उत्तम! पण २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें झाली. पांच वर्षांत माणसाचें काय काय होत नाहीं? धंदा बुडतो, बायको जाते, मुलगा वेगळा होतो. दाखल्यावरची शाई वाळते, पण माणूस तसाच राहत नाहीं. दुसरीकडे अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम अशीं औषधें १ मार्च २०१४ पासून 'एच-१' परिशिष्टांत आहेत. वैद्याच्या चिठ्ठीवांचून तीं विकतां येत नाहींत. विकणारानें वैद्याचें व रोग्याचें नांव आणि विकलेलें परिमाण वेगळ्या वहींत लिहून ती वही तीन वर्षें ठेवावयाची असते. ओळखीवर, चिठ्ठीवांचून, गोळ्यांची पट्टी पुढें सरकविणारा दुकानदार उपकार करीत नाहीं, गुन्हा करितो. आमच्या व्यापारी वाचकांपैकीं ज्यांचें तें दुकान असेल त्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. असो. एक कागद कलेक्टरकचेरींत, दुसरा औषधाच्या दुकानांत. दोन्ही वस्तू मात्र एकाच खोलींत.

ह्या औषधांस आम्ही विष म्हणत नाहीं. योग्य वैद्याच्या हातून, थोड्या दिवसांसाठीं, तीं उपकारकच आहेत. परंतु संवय जडली कीं पूर्वीची मात्रा पुरत नाहीं. वृद्धांस तोल जाऊन पडण्याचें भय असतें. दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून प्राणावर बेततें. जो मोठ्यानें घोरतो आणि घोरतांना ज्याचा श्वास मध्येंच अडतो त्यानें तर वैद्यास विचारल्यावांचून गोळीस हात लावूं नये. आणि प्रस्तुत विषयाशीं जी गोष्ट थेट भिडते ती अशी: झोल्पिडेम व त्याच्या जातीच्या औषधांनीं कांहीं माणसें अर्धवट झोपेंत उठून चालतात, मोटारही हांकतात, आणि सकाळीं त्यांस कांहीं आठवत नाहीं. हें फार जणांचें होत नाहीं. परंतु झालें तर घातक ठरतें, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानें एप्रिल २०१९ मध्यें ह्या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापावयास लाविला. आतां मघाचा आडत्या पुन्हा पाहा. रात्रीं दोनची वेळ. पुण्याहून बसनें आलेला मुलगा दार हळूच लोटतो. माजघरांत भांडें पडतें. उशाखालीं जाणारा हात जागा आहे कीं झोपेंत, हें कोणीं सांगावें?

पण सर्वांत मोठें भय चोराचें नव्हे, मुलाचेंही नव्हे. त्या गृहस्थाचें स्वतःचेंच आहे. दीर्घकाळ झोप नसलेल्या माणसाच्या मनांत जीव नकोसा होण्याचा विचार अधिक येतो, हें वैद्यकशास्त्रास ठाऊक आहे. तो विचार पुष्कळदां एका घटकेचा असतो. ती घटका टळली तर माणूस वांचतो, आणि त्या घटकेंत घातक साधन हाताशीं नसणें ह्यावर फार अवलंबून असतें. इस्राएलचा दाखला घ्या. तेथील तरुण सैनिक आठवड्याच्या सुटींत रायफल घरीं नेत. २००६ मध्यें सैन्यानें ती घरीं नेण्यास मनाई केली. त्यानंतर त्या सैनिकांतील आत्महत्या सुमारें ४० टक्क्यांनीं घटल्या. घट झाली ती मुख्यतः सुटीच्या दिवसांत; एरवींच्या दिवसांचा आकडा फारसा हालला नाहीं. ज्यास मरावयाचें तो दुसरा मार्ग शोधतोच, असें चावडीवर छातीठोकपणें सांगणारांनीं ह्याचें उत्तर द्यावें. ज्या बीड जिल्ह्यानें शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचें दुःख इतकीं वर्षें सोसलें, त्यास हें परक्यानें सांगावें लागूं नये.

येथें आमचा एखादा राष्ट्राभिमानी मित्र म्हणेल, १८७८ च्या कायद्यानें इंग्रजानें आम्हांस निःशस्त्र केलें, काँग्रेसनें १८८७ च्या मद्रास अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव केला. आणि रझाकारांच्या धामधुमींत निःशस्त्र राहण्याची किंमत मराठवाड्यानें मोजली. आतां तुम्हीच हत्यार काढून घ्या म्हणतां? नाहीं, आम्ही तसें म्हणत नाहीं. तो कायदा अपमानकारक होता, कारण त्यानें अख्ख्या राष्ट्रास अविश्वासू ठरविलें. आम्ही शहाण्या धन्यास एवढेंच सांगतों कीं आजारी असतां आपला घोडा दुसऱ्याच्या तबेल्यांत बांधावा.

आणि ह्यासाठीं नवी सोय लागत नाहीं. निवडणूक आली कीं परवानेवाले पोलीस ठाण्यांत हत्यार जमा करितात व निकालानंतर परत आणितात. त्यांत कोणाची अब्रू जात नाहीं. परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडेही शस्त्र सुरक्षित ठेवितां येतें. मतदानासाठीं जें चालतें तें जिवासाठीं कां चालूं नये? अडचण एकच: आपण होऊन हत्यार जमा केलें तर वेडा ठरून परवाना जाईल, ही धास्ती. म्हणून माणूस वैद्यापासून पिस्तुल लपवितो आणि पोलिसांपासून गोळी. झोप न येणें हा वेडेपणा नव्हे, आणि ती कबूल करणें हा गुन्हाही नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांनीं स्पष्ट जाहीर करावें कीं औषधोपचाराच्या काळांत जो स्वखुशीनें शस्त्र ठेव म्हणून देईल त्याच्या परवान्यावर त्या कारणानें शेरा येणार नाहीं. वैद्यांनीं झोपेच्या गोळीची चिठ्ठी लिहितांना 'घरांत हत्यार आहे काय?' एवढें विचारावें. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयानें हा पायंडा पाडला तर जिल्ह्यांतील इतर दवाखाने मागें राहणार नाहींत.

शस्त्र घरीं ठेवणेंच प्राप्त असेल तर तें रिकामें, कुलुपांत, आणि काडतुसें दुसऱ्या कुलुपांत असावींत. दोन्ही किल्ल्या त्या गृहस्थाजवळ नसाव्या. एक घरच्या बाईजवळ असावी. हें वाचून कांहीं जण हंसतील. पण नवरा रात्रभर येरझारा घालतो कीं झोपतो हें तिच्यावांचून कोणास ठाऊक आहे?

गोळी घेणारांस आणखी एक सूचना. कित्येक महिने घेतलेली गोळी हा लेख वाचून आजच्या आज बंद करूं नका; एकदम सोडल्यानें झटकेही येतात. वैद्याच्या सल्ल्यानें ती हळूहळू कमी करावी. जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधीं मनाच्या व संवयींच्या शिस्तीचा उपचार करावा, असें अमेरिकेच्या वैद्यसंघानें २०१६ मध्यें सांगितलें: रोज एकाच वेळीं उठणें, झोप येईल तेव्हांच अंथरुणावर जाणें, न आल्यास उठून बसणें. संध्याकाळनंतरचा चहा सोडावा, हें आमचें पदरचें. आणि जीव नकोसा झाल्याचा विचार ज्याच्या मनांत एकदां जरी डोकावला असेल त्यानें सकाळची वाट न पाहतां १४४१६ हा सरकारी 'टेलिमानस'चा क्रमांक फिरवावा. तेथें मराठींत बोलतां येतें, पैसे पडत नाहींत, आणि रात्रीं दोन वाजतांही कोणी तरी जागें असतें.