पिजदुऱ्याला उसनी शिंगं कशाला?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या आदिम जीवसृष्टीचं चित्र काढायचं म्हटलं, की मानेवर हाडाची ढाल मिरवणारा तीन शिंगांचा ट्रायसेराटॉप्स त्यात हमखास येतो. माझ्या मते त्याला तिथे जागा नाही. काळ जुळतो, हे खरं. वरोरा तालुक्यातल्या पिजदुऱ्याचे लमेटा नावाचे खडकांचे थर क्रिटेशस कालखंडाच्या अखेरचे आणि ट्रायसेराटॉप्सही त्याच सुमाराचा, ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो पश्चिम उत्तर अमेरिकेत चरत होता, आणि त्याच्या नात्यातले बहुतेक प्राणी तिथले नाहीतर मंगोलिया-चीनकडचे. भारत तेव्हा मादागास्करपासूनही सुटून समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता. जबलपूरच्या लमेटा थरांत १८२८मध्ये डायनासोरची पहिली हाडं मिळाली. तेव्हापासून लमेटा थरांनी लांब मानेचे शाकाहारी आणि दोन पायांचे मांसाहारी डायनासोर दिले. या शिंगवाल्या कुळाचं खात्रीचं एकही हाड दिलं नाही.

सापडलं नाही म्हणजे नव्हतंच कशावरून, हा आक्षेप रास्त आहे. हंगेरीत, म्हणजे त्या काळच्या युरोपातल्या एका बेटावर, या कुळातला अजकासेराटॉप्स असल्याचं २०१०मध्ये जाहीर झालंच की! मात्र त्या दाव्यामागे चोचेची हाडं होती. उलट उदाहरण मादागास्करचं. शिंगवाल्यांचे सर्वांत जवळचे भाऊबंद म्हणजे घुमटासारख्या जाड कवटीचे डायनासोर. तिथल्या कवटीच्या एका तुकड्यावरून १९७९मध्ये त्यांच्यातलीच एक जात ठरवली गेली. पुढे जवळजवळ पूर्ण कवटी मिळाली आणि तो डोक्यावर एकच शिंग असलेला मांसाहारी निघाला. हाताशी हाड असूनही अशी गफलत होते, तर हाडच नसताना चित्र रंगवणं कसं मान्य करायचं? आणि शिंगच हवं असेल, तर त्याच मांसाहारी घराण्यातला आपला राजासॉरस आहे. गुजरातेत रहिओलीला मिळालेल्या आणि २००३मध्ये नाव लाभलेल्या या प्राण्याच्या डोक्यावर ठेंगणं शिंग होतं. दक्षिणेच्या भूखंडांवर शिंग या शिकाऱ्यांच्या माथी उगवलं, ही गोष्ट मला तीन शिंगांहून जास्त विलक्षण वाटते.

चंद्रपूरचं खरं धन तर वेगळंच आहे. वरोऱ्याजवळच्याच डोंगरगावनं जगाला आयसीसॉरस हा लांब मानेचा डायनासोर दिला. पिजदुऱ्यात विष्ठेचे जीवाश्म मिळतात. पुराजीवशास्त्रज्ञ वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण आढळले. गवतं पसरली ती डायनासोर संपल्यावर, हा रूढ समज २००५च्या त्या शोधनिबंधानं मोडीत काढला. पुढच्या अभ्यासात त्यांत भाताच्या नात्यातलीही गवतं ओळखता आली. ही विष्ठा नेमकी कोणाची, हे छातीठोकपणे सांगता येत नाही, असं कोणी म्हणेल. ते मान्य, शेजारी लांब मानेच्या शाकाहाऱ्यांची हाडं मिळतात, म्हणून ती त्यांची मानली जाते. पण खाणारा कोणीही असो, गवत होतं हे त्यानं बदलत नाही. धानाच्या या मुलखातल्या मुलाला पाठ्यपुस्तकात पिजदुऱ्याचं हे गवत दिसलं पाहिजे, आणि नांगरताना वर येणारे तिथले हे जीवाश्म गोळा होऊन नाहीसे होण्याआधी त्या जागेला संरक्षण मिळालं पाहिजे.